गोमेचं छप्पर

उल्हासनगर कॅम्पातल्या बराकीत राहणारे एक सिंधी गृहस्थ दर रविवारी अंबरनाथला यायचे आणि शिवमंदिरामागच्या ओढ्याकाठी दगड उचलून खाली बघायचे. म्हातारा सोन्याचा हंडा शोधतोय, असं गावात बोललं जाई. एकदा मीही बघायला गेलो. त्यांनी भलाथोरला दगड उचलून धरला होता आणि खाली वीतभर गोम. मला तर शिसारीच आली.

"साईं, वही है! पीले पाँव!" ते लहान मुलासारखे ओरडले. त्यांच्या सिंधच्या वाळवंटात ही पिवळ्या पायांची गोम उंदराच्या बिळात राहायची, जिथे जराशी ओल असेल तिथे. दुसरी, काळी गोम झाडाच्या सालीखाली असायची. "इधर तो हर पत्थर के नीचे घर है!"

दगडाच्या भाराने ते वाकत चालले होते. "अहो, मग ठेवा ना खाली," मी म्हटलं.

"दब जाएगी. किसी का छप्पर उठाया, तो सँभालके वापस रखना."

गोम निवांत मिशा हलवत बसली होती. मी दगडाची दुसरी बाजू धरली. पाण्याला आलेल्या बायका आम्हाला पाहून पोट धरून हसल्या. आम्हीही हसत होतो, पण छप्पर काही सोडलं नाही.