तीन किल्ल्यांची पेटी

आमच्या बँकेत एका पैचीही अफरातफर झाली नाही, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कुवेतच्या फहाहीलमधली आम्हा रत्नागिरीवाल्यांची ती बँक म्हणजे शिंपीचाचांच्या दुकानातली, शिवणयंत्राखालची पत्र्याची पेटी. तिला तीन कुलपं. एक किल्ली चाचांकडे, दुसरी तेल कंपनीच्या कँटीनमधल्या बावर्चीकडे, तिसरी माझ्याकडे. तिघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. व्याज नाही, कागद नाही. आधी गावचे दहाजण आले, मग पार कुवेत सिटीतून माणसं पैसे ठेवायला यायला लागली. माझेही त्यात होते. बायकोला आणि मुलीला इकडे आणायचं तर बोटीचं भाडं हवं, वेगळी खोली हवी. चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवले होते.

तेव्हा इथे रुपया चालायचा, खास आखातासाठी छापलेला, भारतात न चालणारा. मग जाहीर झालं, की आता दिनार येणार, जुन्या नोटा मुदतीत बदलून घ्या. आणि बावर्ची बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला, किल्ली गळ्यात अडकवून. तार केली. पण बोट यायला वेळ लागतोच.

मुदतीचे दोन दिवस उरले तेव्हा मी हातोडा घेऊन दुकानात गेलो. चाचा उठले आणि पेटीवर जाऊन बसले.

"अमानत हाय ती. त्याच्या माघारी कुलूप तोडायचं नाय."

"चाचा, मुदत संपल्यावर त्या नोटा काय चाटायच्यात?"

"तोडलंस तर लोक तुला चोर म्हणतील."

मी हातोडा खाली ठेवला. शेण खाल्लं मी. त्या म्हाताऱ्याला उचलून बाजूला बसवायला कितीशी ताकद लागली असती?

बावर्ची मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी उतरला. पेटी उघडली, नोटा मोजल्या. चाचांचे डोळे भरून आले.

"बघ, एक रुपया कमी नाय."

दुबईत तो रुपया अजून चालायचा; तिकडे जाणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्या नोटा निम्म्या भावात घेतल्या, वर उपकार केल्यासारखं तोंड केलं. बँक तिथेच संपली. चाचांना कोणी शब्दाने दुखवलं नाही. मलाही सगळे इमानदार म्हणाले. जळो ती इमानदारी.

मी बायकोला लिहिलं, इतक्यात निघू नकोस. तिने ट्रंक भरून ठेवली होती. ती आणखी तीन वर्षं भरलेलीच राहिली. आतले फ्रॉक मुलीला होईनासे झाले, तेव्हा बायकोचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: "एक कुलूप तोडवलं नाही तुमच्याने?"