फेब्रुवारीचा झाला जुलै

माझ्या हाती कुणाचं लिखाण तपासायला देऊ नये, असं आमच्या कॉलेजातले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी पनवेलला समाजशास्त्र शिकवते, आणि अधूनमधून जर्नलवाले, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं काढणारे लोक, माझ्याकडे लेख पाठवतात. छापण्याच्या लायकीचा आहे की नाही ते मी सांगायचं. लेखावरचं नाव काढलेलं असतं. कुणाचा लेख ते मला कळत नाही आणि कुणी तपासला ते लेखकाला कळत नाही. ओळखीपाळखीने कामं होऊ नयेत म्हणून ही आंधळी कोशिंबीर. मला आवडायची ती. तोंडावर गोड बोलावं लागत नाही, हे माझ्यासारखीला बरंच की.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत असाच एक लेख आला. डोंगराखालच्या आदिवासी वाडीतल्या बायका बाळंतपणानंतर काय खातात, यावर. वाडीचं नाव बदललेलं होतं, पण ती आमच्याच तालुक्यातली आहे हे लपत नव्हतं. भाषा नेटकी, तक्ते देखणे. घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, प्रत्येकीची संमती घेतली, सगळं लिहिलेलं. आणि काम कधी केलं? गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत! अहो, फेब्रुवारीत त्या वाडीत असतं कोण? दिवाळी झाली की ही माणसं पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मागे राहतात ती थकलेली म्हातारी माणसं. मग एवढ्या ओल्या बाळंतिणी यांना भेटल्या कुठे?

मी शेरा लिहिला. 'या महिन्यात वाडी रिकामी असते. मुलाखती नेमक्या कुणाच्या घेतल्या, याचा लेखकाने खुलासा करावा.' लिहून पाठवून दिला आणि खुशाल आंब्याच्या फोडी खात बसले.

काही दिवसांनी एका रविवारी सकाळी ती आली. ती म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आता कामोठ्यात राहते आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टीत ठणठण गोपाळ, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. नवऱ्याची नोकरी डळमळीत, घर भाड्याचं, पदरात लहान मूल. तिच्याच कॉलेजात आता एक कायमची जागा निघाली होती, आणि तिला छापून आलेला एक लेख कमी पडत होता.

"मॅडम, लेख जवळजवळ झालाच होता हो," ती मोबाइल काढत म्हणाली, "पण कुणीतरी खडूस रिव्ह्यूअर भेटलाय. ऐका, काय लिहिलंय." आणि तिने माझाच शेरा मला वाचून दाखवला.

शब्द न शब्द माझा.

"कोण असतात हो ही माणसं?" ती म्हणाली. "घरात कुणी विचारत नसेल, मग इथे राग काढायचा." आमचे हे आतून पोहे घेऊन येत होते, ते खो खो हसले. त्यांना काय माहीत!

नियमाप्रमाणे मी गप्प बसायला हवं होतं. तरी विचारलं, "मग? होतं कोण वाडीत फेब्रुवारीत?"

"तेच ना. सरळ म्हणते, टायपिंगची चूक झाली. जुलै करून टाकते. लावणीला सगळे परत आलेले असतात ना मॅडम, जुलैत?"

मलाच विचारत होती! भोक कुठे पडलंय ते मी दाखवलं होतं, आता ठिगळही माझ्याकडूनच हवं होतं. आणि गेल्या जुलैत ही कुठे होती ते मला पक्कं ठाऊक होतं. तिचं बाळ जूनच्या शेवटी झालं. बारसं मोऱ्याला, तिच्या माहेरी. नवऱ्याला बहीण नाही म्हणून हट्टाने मला आत्या केलं होतं तिने. बाळाच्या कानात नाव मी सांगितलं, पाठीवर बायकांचे धपाटे मी खाल्ले. तिची आई मला सांगत होती, "सवा महिना पोरीला उंबऱ्याच्या भायेर पाय टाकू देनार नाय आमी." आणि खरंच टाकू दिला नव्हता.

"अगं, जुलैत तू बाळंतीण होतीस," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पण ते त्या रिव्ह्यूअरला कुठे माहितीये?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या बायका खऱ्या आहेत गं! त्यांच्या पोटात काय जातं ते तू घरी बसून ठरवलंस? उद्या कुणी हा लेख वाचून म्हणेल, बाळंतिणींना मिळतंय की व्यवस्थित, आणखी कशाला काही द्यायचं? मग काय करशील?"

ती रडायला लागली. "मी गेले होते मॅडम. शपथेवर सांगते. पाचवा महिना होता, करंजाड्यावरून रिक्षा करून गेले. दारांना कुलपं. मग भट्टीवर गेले, तर मालकाने आत पाऊल टाकू दिलं नाही. काय करू मी? घरी येऊन भरले तक्ते. सगळेच भरतात."

मला तिचा राग येत होता आणि जीवही तुटत होता. पाच महिन्यांच्या पोटाने एवढ्या लांब गेली असेल पोर. पण आता तिला पोहे खायला घालायचे आणि ती गेली की पाठीमागे तिचा लेख मारायचा, हे मला जमणारं नव्हतं. गेला नियम खड्ड्यात, असं म्हटलं मनाशी.

"ऐक," मी म्हणाले. "तो खडूस रिव्ह्यूअर मी आहे."

मला वाटलं, आता हिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. किंवा चिडेल, भांडेल. तिने ओढणीने डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि खरं सांगते, तिचा चेहरा फुलला. तिने माझे दोन्ही हात धरले.

"अय्या, तुम्ही? मग आधी नाही का सांगायचं मॅडम! केवढी घाबरले होते मी. मग तर झालंच की काम!"

मी हात सोडवून घेतले. म्हटलं, "लेख मागे घे. उद्यापर्यंत घेतला नाहीस, तर मी संपादकांना सगळं लिहीन. तुला ओळखते हेही आणि जुलैचंही." ती हसतच होती. मी गंमत करत नाहीये हे कळायला तिला वेळ लागला.

"मग मला सांगितलंतच कशाला?" तिने विचारलं, आणि पर्स उचलून निघून गेली. पोहे तसेच राहिले.

तिने लेख मागे घेतला नाही. मी संपादकांना लिहिलं. रडत रडत लिहिलं, पण लिहिलं.

त्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. त्याचे लेख भरपूर आहेत म्हणे, सगळे छापून आलेले. ते कुणी तपासले असतील, कसे तपासले असतील, हे डोक्यातून जात नाही माझ्या. आणि तिला फोन करायला हात धजत नाही.