टाकीला शेंदूर

दाजींची मांडी घोड्यानं मोडली होती. खोगिरात बसणं संपलं, तबेल्यात उकिडवं बसून खूर साफ करणंही संपलं. त्यांचा बाप, आजा सगळे सरदारांच्या पागेत राबले. हे तेवढे मोटारीवर आले. महिपतराव त्यांचं नाव, माझ्या आक्काचे मालक. साताऱ्याकडच्या खेड्यातनं नोकरी हुडकत मी ग्वाल्हेरला त्यांच्याकडं उतरलो, तेव्हा ते माधवगंजात राहायचे आणि माझ्या बोलीला हसायचे.

"'जातुया', 'करतुया' काय लावलंस रे? इथं लोग हसतील."

"आन् तुमची मराठी? निम्मी हिंदी, निम्मी तंबाखू," मी म्हणायचो. भाकरी थापता थापता आक्का फिदीफिदी हसायची.

सरदार कृष्णरावांकडं एक जुनी विलायती मोटार होती. शिकारीसाठी त्यांनी तिचं मागचं छप्पर कापलं, उंच बाक बसवले. टाकी मात्र लहान. जंगलात पेट्रोल पुरेना. मग दाजींनी पाटणकर बाजारातल्या पत्रेवाल्याकडनं मोठी टाकी करून घेतली अन् बाकाच्या पाठीमागं बसवली. झाकण पितळेचं, घट्ट आट्यांचं, मधोमध सुईएवढं भोक.

"जेवढं पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरनं आत आली पाहिजे," दाजी सांगायचे. "नाहीतर इंजन ओढत बसतं आणि थेंब येत नाही."

खंडेनवमीला आक्कानं सासऱ्याची तलवार पुजली, पाने-पकडी पुजल्या, मग मोटारीकडं वळली. चाकांना हळदकुंकू, दिव्यांना झेंडूच्या माळा. टाकी नवी, म्हणून तिला मारुतीसारखा तेलात कालवलेला शेंदूर फासला. झाकणावर चांगला जाड. दाजींनी बघितलं, हात जोडले. भोक त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची मिरवणूक. बाकीचे सरदार घोड्यांवर, कृष्णराव हट्टानं मोटारीत. निघताना म्हणाले, "महिपत, आज ही थांबली तर उद्यापासनं तू तबेल्यात."

दाजींचा हात आपसूक मांडीवर गेला.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नई सडक येईतो गाडी नीट चालली. मग खोकली, आचके दिले अन् गप. दाजींनी बोनेट उघडलं, कार्बोरेटर फुंकला, हँडल मारलं. सुरू! फुलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पण जरा पुढं जातोय तोवर पुन्हा तेच.

मागनं घोड्यावरनं कुणीतरी ओरडलं, "कृष्णराव, चंदी घाला हिला, घोड्याची चंदी!"

सरदार उतरले. तोंड रागानं फुललेलं. "महिपत, माझा घोडा मागव."

माणूस घोड्यासाठी पळाला. दाजी गाडीकडं बघत तसेच उभे. मग मला हळूच म्हणाले, "अरे, खोगिराचा पोटाखालचा तंग जास्त आवळला की घोडा असाच अडतो. थांबला की दम येतो, चालला की पुन्हा अडतो. हिचा श्वास कोंडलाय."

लंगडत मागं गेले, झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली. झाकण उलटं करून बघतात तर भोकात शेंदूर. टाकीनंच तो आत ओढून घट्ट बसवलेला.

"सरकार, पगडीची टाचणी द्या."

"काय?"

"टाचणी. तुऱ्याची."

भर नई सडकेवर सरदारांनी तुरा सोडून टाचणी दिली. दाजींनी भोक कोरलं, फुंकलं, उजेडाला धरून बघितलं.

"हे लाल काय रे?"

"प्रसाद, सरकार."

आक्काचं नाव त्यांनी घेतलं नाही. सरदारांनी टाचणी हुंगली, नाक मुरडलं अन् गाडीत चढले. घोडा आला तो रिकाम्या पाठीनं मागं मागं चालला. गाडी पुन्हा खोकली नाही. आम्ही पोचलो तोवर निम्मं सोनं लुटून झालं होतं. सरदारांनी आपट्याचं पान दाजींच्या हातावर ठेवलं, म्हणाले, "उद्या याचं काहीतरी कायमचं कर." तबेल्याचं नाव परत निघालं नाही.

घरी दाजी आक्काला म्हणाले, "तुझ्या शेंदरानं आज मला लीद उचलायला धाडलं असतं."

"आवं, मग तिला नाक हाय म्हून आधी सांगायचं न्हाई व्हय!"

नाक असल्याचं दाजींना तरी कुठं आठवलं होतं?

मग त्यांनी तिला खरोखरीचं नाक केलं. झाकणाचं भोक बुजवलं आणि टाकीच्या माथ्यातनं तांब्याची नळी काढून बाकाच्या पाठीवरनं उंच नेली. वरचं टोक काठीच्या मुठीसारखं खाली वळवलेलं, तोंडाला बारीक जाळी. धूळ नाही, पाणी नाही, आणि पेट्रोलची वाफ धुराच्या तापल्या नळीपासनं लांब. पुढल्या खंडेनवमीला आक्का शेंदराची वाटी घेऊन आली अन् थबकली. "ह्येच न्हवं नाक?" दाजींनी मान हलवली. तिनं नळीच्या बुडाशी बोट टेकलं, वरचं तोंड मोकळं सोडलं. दरसाल तसंच.

आता दोघंही नाहीत. मोटार कुणी मोडीत घातली, ठाऊक नाही. मी गावी आलो. खंडेनवमीला सून ट्रॅक्टर पुजते, तेव्हा मी ओट्यावरनं ओरडतो, "पोरी, टाकीच्या झाकणाला लावू नगंस!"

"मामंजी, दरसाल तेच सांगता," ती म्हणते.

सांगतो. माझ्या दाजींची मांडी तिनं कुठं बघितलीय?