सावली आखूड होईपर्यंत

माझ्या साडूने मला फसवलं. शिळफाट्यावर जुने टेंपो घेत-विकत मी उभा राहिलो. रंग मारून लपवलेला गंज मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. तरी ह्या निवृत्त मास्तराने मला वर्षभर बनवलं.

गुरुजींइतका उन्हाचा नाद असलेला माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाही. रोज अकराला ते खडू घेऊन माझ्या आवारात यायचे, मला उभं करून माझी सावली फरशीवर आखायचे आणि पावलांनी मोजायचे. सावली माणसापेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं, तोवर नुसता उजेड, हा त्यांचा कायदा. मग बाह्या वर करून पंधरा मिनिटं बाकावर. एकदा त्यांनी गिऱ्हाइकालाच मापून बसवलं. त्याने टेंपो घेतला नाही, पण दुसऱ्या दिवशी ऊन खायला पुन्हा आला.

"साडूभाऊ," ते समजावत, "मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांची उठबस करणाऱ्या मदतनीस पेशी असतात. केर काढायचा त्यांनीच, राखणही त्यांनीच करायची. ड जीवनसत्त्व कमी पडलं की त्यांचा भडका आवरत नाही म्हणतात. चोर पळाला तरी घरातलीच भांडी फोडत बसतात."

"कोनासारख्या?"

"आरसा बघा. तुमच्या रागासाठीच हे ऊन."

मी हमी मागितली, तेव्हा गुरुजी मला त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी साफ सांगितलं की हे बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलंय. रक्त तपासा, कमी असेल तर औषध घ्या, पण डोकं शाबूत राहील असं कोणी लिहून देणार नाही. गुरुजी माझ्या आधी उठून बाहेर गेले. मी आपला माझ्या रागावरचा उपाय समजून उन्हात बसत राहिलो.

मागच्या रविवारी साडेअकरा झाले तरी गुरुजी आले नाहीत. माझी सावली आखूड होत गेली तशा माझ्या रस्त्यापर्यंतच्या फेऱ्या वाढल्या. दुपारी दहिवलीहून एका दुकानदाराचा फोन आला. गुरुजी त्यांच्या जुन्या, बंद शाळेच्या फाटकाशी खडू घेऊन मुलांची वाट बघत उभे होते. घर कुठे, ते सांगता येत नव्हतं.

तेव्हा मेहुणीने तोंड उघडलं. "भावोजी, त्यांच्या आईचंबी असंच झालेलं. वरीसभर घाबरून हायत. मला म्हनाले, साडूला सांगू नको. तो भांडतो तेच बरं, कीव करायला लागला तर मला त्याच्याशेजारी बसवनार नाय."

आता मीच त्यांना घरून आणतो. ते सावली आखतात, मोजता मोजता थांबतात आणि माझ्याकडे बघतात. "पाच झाली," मी खेकसतो, कारण मऊ बोललो तर त्यांना कळेल.

गुरुजी, ऊन तुम्हाला हवं होतं, तर माझं नाव का पुढे केलंत? ह्याचा जाब मला तुमच्याच तोंडून हवा, आणि तुम्हाला आठवतंय तोवर हवा.