गोदूमावशीची मागची भिंत

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. इथे कुणाचंही घर उभं राहू लागलं की घरधनीण कामकऱ्यांना रोज रांधून वाढते. जो तिच्या हातचं जेवला तो त्या घराशी दगा करत नाही, असं आम्ही धरून चालतो. १९९८ साली विधवा गोदूमावशीला सरकारी घरकुल मंजूर झालं, तेव्हा तीही तेच धरून चालली. ठेकेदाराला रोज नाचणीची भाकर आणि सुकट. तो बोटं चाटून जेवायचा आणि बाहेर येऊन वाळूला सिमेंटचा नुसता वास लावायचा.

वर्षभरात मागची भिंत फुगली, तिच्या चिरेत हात जाऊ लागला. त्याच भिंतीलगत मावशीची सून आणि नात रविना निजायच्या. मावशीने ठेकेदाराला गाठलं.

"माझा करार हापिसाशी," तो म्हणाला. "तुजा अंगठा हाय का त्याच्यावर?"

मग मी तिला तालुक्याच्या कचेरीत नेलं. साहेबाने चहाचा कप हातातून न सोडता समजावलं, "करार आमचा आणि ठेकेदाराचा. तक्रार करायची तर आम्ही करायची. आणि आमची काही तक्रार नाही."

"पन भितीखाली आमी निजतो ना, सायेब."

"तुम्ही करारात कुठेच नाही, बाई."

मला शिसारी आली. घर तिचं, डोकं तिचं, आणि भिंतीबद्दल बोलायचा हक्क तेवढा या चहा ढोसणाऱ्याचा! त्याच्या टेबलावर थुंकावंसं वाटलं. मावशीने मात्र त्याला हात जोडले, त्याचीही मला किळस आली.

घरी येऊन तिने माणसं गोठ्यात हलवली आणि शेळ्या घरात बांधल्या. श्रावणात भिंत पडली. शेळ्या मेल्या. पाहायला कचेरीतून कुणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत नवं घरकुल निघालं, ठेकेदार तोच. भर दुपारी तो गोठ्यापाशी आला, चपला काढून सावलीत ऐसपैस बसला.

"मावशे, भाकर हाय का गो? तुज्या हातची चव नाय इसरलो."

मावशीने दारातून कधी कुणाला उपाशी धाडलं नव्हतं. चुलीवर भाकर होती, वासही येत होता.

"तुजा करार हापिसाशी," ती म्हणाली. "जेवान बी तिकडंच माग."

आणि तिने गोठ्याच्या दाराचं झाप ओढून घेतलं.