गप्प बसणारा डबा

घरच्या कम्प्युटरवर गोष्टी रेकॉर्ड करायच्या, तर माइकचा बारीक आवाज वाढवणारा प्रीॲम्प हवा. भोरच्या साउंडवाल्याच्या दुकानात असे दोन स्वस्त डबे समोर ठेवून मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. दोन्हींत माझा आवाज छानच वाटत होता, त्यामुळे निवड होईना.

मुलीच्या लग्नाचे स्पीकर ठरवायला गुंजवणे गावच्या एक मावशी आल्या होत्या. "आणा हिकडं," म्हणत त्यांनी हेडफोन माझ्या कानावरून काढला, डोक्यावरच्या पदरावरून चढवला आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मग डोळे मिटून त्यांनी दोन्ही डबे ऐकले.

"ह्यो सापावाणी फुसफुसतोय. त्यो घ्या."

"पण मावशी, मी तर बोललोच नाही!"

"बोलताना समदेच ग्वाड लागत्यात. गप बसल्यावर कोन कसं, ते बघायचं. जावईबी म्या असाच पारखलाय."

मी त्यांनी सांगितलेला डबा घेतला. रेकॉर्डिंग खरंच स्वच्छ आलं. मावशींचं बोलणं मी कौतुकानं बायकोला सांगितलं, तर ती काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. मला ती परीक्षा द्यायची नव्हती. मी घाईघाईनं हवापाण्याचं बोलत सुटलो.