हौदातला दिवा

आमच्या शहरात पाणी फेकून देणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी पिंपापासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवायची आमची रीत. अशा गावात, हर्सूलच्या आमच्या घरामागं, बायकोनं माशांसाठी सिमेंटचा हौद बांधून घेतला. मी म्हणालो, "माणसांना प्यायला नाही आणि तुझे मासे पोहणार!" ती म्हणाली, "तुम्ही नका पोहू म्हणजे झालं." स्वयंपाकघराच्या उरलेल्या निळ्या फरश्या तिनं तळाला बसवल्या आणि माशांना लपायला काठ फुटलेलं एक मडकं आडवं ठेवलं.

मासे एकेक करून कमी झाले. ती गेली तेव्हा एकच उरला होता, केशरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तिनं स्टीलची वाटी कठड्यावर वाजवली की तो वर यायचा आणि तिच्या बोटांतून खाणं घ्यायचा. मी खिडकीतून बघायचो आणि चहा कधी मिळणार ते विचारायचो.

दिवसकार्य, पाहुणे, आवराआवर यांत हौदाकडं कुणी फिरकलं नाही. उन्हाळा लागला. घर रिकामं झाल्यावर मी मागं गेलो, तर पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालं होतं. वीतभर खालचं दिसेना. मी रोज सकाळी खाणं टाकायला लागलो. ते नाहीसं व्हायचं, पण मासा खात होता की ते नुसतंच बुडत होतं, कळायला मार्ग नव्हता. हौद उपसून बघावा तर एवढं पाणी परत आणायचं कुठून? हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. उपसल्यावर तो नाही असं दिसलं असतं, तर मला ते सोसलं नसतं.

शेजारच्या घरात कन्नड तालुक्याकडची एक बाई राहते. ती भिंतीवरून म्हणाली, "काका, नाय राहिला तो आता. हर्सूलच्या तलावावरून बगळे येतात, त्यांनीच नेला असंल. बुजवून टाका हौद. डास लई झालेत." पुण्याहून मुलगीही फोनवर तेच म्हणाली. मी दोघींना सांगितलं, एकदा पाणी निवळू द्या. मासा नसेल तर माती आणून टाकतो.

शहागंजात माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं हातभर लांबीची एक काळी नळी पुढं ठेवली. "चचा, इसमें दवा-बिवा कुछ नहीं, बत्ती है. पंप से पानी अंदर जाता, बत्ती के सामने से होके बाहर आता. हरा पानी साफ. बस, जलती बत्ती को खोल के नक्को देखो, आँखें जाती." आत अतिनील किरणांचा दिवा होता. त्यानं पाण्यात तरंगणारं शेवाळ मरतं, माशाला काही होत नाही. घरी येऊन पंप हौदात सोडला, नळी कठड्याला बांधली. तिच्या टोकाशी फिकट जांभळा उजेड दिसायचा.

आता आमच्या घरची एक शिस्त सांगायला हवी. दिवसाढवळ्या दिवा जळता ठेवला की लक्ष्मी घरात राहत नाही, असं आई म्हणायची. मी ते जन्मभर पाळलं, आणि जरा जास्तच पाळलं. बायको संध्याकाळी भाजी चिरत असतानाच मी जाता जाता दिवा मालवायचो. अंधारातून ती म्हणायची, "अहो, मी अजून आहे इथं."

तर तिन्हीसांजेला देवापुढं निरांजन लावायचं, मग मागं जाऊन हौदाचं बटण दाबायचं, आणि उजाडलं की बटण बंद, असा माझा नेम सुरू झाला. पाणी होतं तसंच हिरवं राहिलं. शेवटी मी ती नळी पिशवीत घालून तणतणत दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "कब चालू करते?" मी सांगितलं. तो हसून हसून बेजार झाला. "अरे चचा, काई तो, वो तुम्हारा शेवाळ, दिन को धूप खाके बढ़ती. और आप दिन को बत्तीच बंद कर देते! दिन-रात चालू रखो. चिराग नहीं है वो."

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात तो दिवा जळत राहिला आणि मला घरात चैन पडेना. दोनदा बटणाशी जाऊन परत आलो. पंपाचा स्पंज हिरवा व्हायचा, तो बादलीत धुवायचा आणि ते पाणी कढीपत्त्याला घालायचं, एवढंच काम होतं. पाणी आधी गढूळ झालं, मग पांढुरकं. मडक्याचा काठ दिसायला लागला तसा मी हौदाकडं बघायचंच टाळायला लागलो. खाणं टाकायचं आणि पाठ फिरवायची.

एका सकाळी पाठ फिरवायची राहून गेली. तळाच्या निळ्या फरश्या दिसत होत्या, त्यांच्यामधल्या रेघासुद्धा. मडक्यातून तो बाहेर आला. केशरी, चांगला जाडजूड झालेला, कपाळावर ठिपका. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडं वळून ओरडलो, "अगं ए, आहे गं! बाहेर ये, जिवंत आहे!"

खिडकीत कुणी नव्हतं. असणार कुठून? भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काका, कुणाला आवाज देताय?"

"माशाला," मी म्हणालो.

ती भिंतीवरून हौदात डोकावून म्हणाली, "आहे व्हय अजून? मग नका बुजवू."

मी आत जाऊन ती स्टीलची वाटी आणली आणि कठड्यावर वाजवली. मासा मडक्यात शिरला. हळू वाजवून पाहिली, थांबून थांबून पाहिली. बायको ती कशी वाजवायची ते इतकी वर्षं खिडकीत उभं राहूनही मी नीट ऐकलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तरी मी वाजवत होतो, आणि शेजारी नळीतला दिवा जळत होता.